खुबा, गुडघा आणि घोटा : धावणाऱ्या पायांचा एक पाठ

विद्यार्थिमित्रहो, मैदानावर जे शिकावयास मिळते ते पुष्कळदा वर्गात शिकलेल्याहून अधिक काळ स्मरणात राहते. आणि जेथे शिकविणाऱ्याचीच चूक झालेली असते तेथे तर तो धडा त्यास जन्मभर पुरतो. असाच एक धडा आम्हांस गेल्या वैशाखात मिळाला. तो आमच्यापुरताच ठेवण्यासारखा नाही, म्हणून तुमच्यापुढे व तुमच्या आईवडिलांपुढे मांडीत आहो.

सुटीत आमचा मुक्काम काही दिवस अंतरवाली सराटी येथे होता. हे गाव जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात आहे. जमीन काळी, रान सपाट, दक्षिणेस गोदावरी आणि तिच्यापलीकडे बीड जिल्हा. नुकताच वळीव पडून गेला होता. शेते नांगरून मोकळी होती आणि ओलसर मातीत पावलांचे ठसे अगदी स्पष्ट उमटत होते. गावची काही मुले एका पडीक तुकड्यावर लांब उडीचा सराव करीत होती. त्यांत तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा विशेष चपळ दिसला. परंतु उडी मारताना त्याचा पाय फक्कीच्या रेषेपुढे पडे, आणि उडी बाद होई. आमच्याजवळ येऊन तो म्हणाला, "गुरुजी, पावलं तर तितकीच टाकतो, मग पाय पुढं कसा जातो?"

आम्ही तत्काळ उत्तर दिले : "पावले एकसारखी पडत नाहीत म्हणून. खाली पाहून मोजून धाव. तसूभर फरक पडता कामा नये. एकच गोष्ट शंभरदा कर, म्हणजे अंगवळणी पडेल." मुलगा आज्ञाधारक होता. त्याने आठ दिवस सकाळ-संध्याकाळ, जमीन वाळून टणक झाली तरी, तीच धाव व तीच उडी यांचा सपाटा लावला. आठव्या दिवशी पाय रेषेपुढे पडणे थांबले नव्हतेच. उलट गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागून तो लंगडत होता. डॉक्टरांनी पाहून सांगितले की, वाढत्या वयात गुडघ्याखालील हाडाच्या उंचवट्यावर, जेथे मांडीच्या स्नायूंची कंडरा चिकटलेली असते तेथे, अति ओढ बसली म्हणजे असे होते. काही आठवडे उड्या बंद ठेवाव्या. मुलाच्या वडिलांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यामुळे आम्हांस अधिकच वाईट वाटले, आणि आपण जे सांगितले ते मुळात खरे होते काय, याचा शोध घेणे आम्हांस भाग पडले.

प्रथम पायाची रचना पाहू. धावताना पायाचे तीन मोठे सांधे काम करतात : खुबा, गुडघा आणि घोटा. खुब्याचा सांधा उखळीत बसविलेल्या गोळ्यासारखा असल्यामुळे मांडी पुढे-मागे, आत-बाहेर जाते व स्वतःभोवती वळतेही. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा आहे असे आपण म्हणतो. पण ते पुरते खरे नाही. पाय सरळ होण्याच्या शेवटच्या टप्प्यात नडगीचे हाड किंचित बाहेरच्या बाजूस वळते व सांधा घट्ट बसतो. घोट्यामुळे पाऊल वरखाली होते, आणि त्याच्या खालच्या सांध्यामुळे ते आत व बाहेर कलते. म्हणून खडबडीत रानातही आपण उभे राहू शकतो.

हे तिन्ही सांधे स्वतंत्र नाहीत. त्यांना एकत्र बांधणारे काही स्नायू एकाच वेळी दोन सांध्यांवरून जातात. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून निघून टाचेस जाऊन मिळतो. मांडीच्या मागचे बहुतेक स्नायू खुब्यावरून व गुडघ्यावरून जातात. पुढील स्नायूंपैकीही एक असाच दोन्ही सांध्यांवरून जातो. त्यामुळे खुब्यापाशी निर्माण झालेला जोर गुडघ्यामार्गे घोट्यापर्यंत पोहोचविता येतो. मोटेला जोडलेल्या नाड्याचे एक टोक बैलाच्या खांद्यावर व दुसरे विहिरीच्या तळाशी असे, तसेच हे. ओढ येथे, काम तेथे.

ह्या बांधणीची प्रचीती घेण्यास एक सोपा प्रयोग करा. एका पायाचा गुडघा मुळीच न वाकविता दहा पावले चाला. पाय जमिनीस घासू नये म्हणून तुम्ही नकळत कंबर त्या बाजूस वर उचलाल, किंवा पाय बाहेरून फिरवून पुढे आणाल, किंवा दुसऱ्या पायाच्या चवड्यावर उभे राहाल. तुम्हांस हे कोणी शिकविले नव्हते. एका सांध्याने काम सोडले तेव्हा इतरांनी ते आपसांत वाटून घेतले. सांध्यांच्या ह्या परस्परांशी जुळवून घेण्यासच शास्त्रज्ञ समन्वय म्हणतात.

धावताना हा समन्वय किती नाजूक असतो ते पाहा. पाय जमिनीवर टेकतो तेव्हा गुडघा थोडा वाकलेला असतो. शरीराचा भार पायावरून पुढे जात असता तो आणखी वाकतो, आणि नंतर सरळ होऊ लागतो. त्याच वेळी पाऊल आतल्या बाजूस कलते व नडगी आत वळते. पाऊल आत, नडगी आत, गुडघा वाकलेला, हे तिन्ही एकदम घडावे. आणि निम्मा भार पुढे सरकताच तिन्ही एकदम उलट फिरावे. त्यांपैकी एक मागे राहिले, म्हणजे गुडघा सरळ होऊ पाहतो आणि पाऊल अद्याप आतच कललेले असते, तर मधल्या नडगीस दोन विरुद्ध आज्ञा मिळतात. सावकाश धावतानादेखील प्रत्येक पावलागणिक जमिनीचा धक्का शरीराच्या वजनाच्या दुपटी-अडीचपटीइतका असतो. अशा भाराखाली बेबनाव झाला तर त्याचा जाच कोणत्या तरी सांध्यास सोसावा लागणारच.

आता आमच्या चुकीकडे येऊ. आम्ही असे गृहीत धरले होते की, उत्तम खेळाडूची हालचाल साच्यातून काढलेल्या विटांप्रमाणे दरवेळी तंतोतंत सारखी असते. हा समज फार जुना व फार पसरलेला आहे. त्याला पहिला मोठा धक्का रशियातील निकोलाय बर्नस्टाईन ह्या शास्त्रज्ञाने दिला. बर्नस्टाईन यांचा जन्म १८९६ साली व मृत्यू १९६६ साली झाला. १९२० नंतरच्या दशकात मॉस्को येथील श्रमविषयक संस्थेत ते कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करीत. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगाराच्या खांद्यास, कोपरास, मनगटास व हातोड्यास त्यांनी लहान दिवे बांधले आणि त्यांचे मार्ग छायाचित्रांत टिपले. हातोडा छिन्नीच्या डोक्यावर दरवेळी जवळजवळ त्याच जागी येई. परंतु खांदा, कोपर व मनगट यांचे मार्ग मात्र घावागणिक निरनिराळे असत.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. खांदा थोडा अधिक फिरला तर कोपराने थोडे कमी फिरून भरपाई केली. कोपर चुकले तर मनगटाने सावरले. सांध्यांतील फरक हा ढिलेपणा नव्हता. त्या फरकांमुळेच घाव अचूक बसत होता. आपल्या गावच्या लोहाराकडे घटकाभर उभे राहिलात तर हेच दृष्टीस पडेल. ऐरणीवरचा फाळ सरकतो, लोखंड निवत जाते, हात थकतो. तरी घाव जागच्या जागी बसतो. बर्नस्टाईन म्हणत की, सराव म्हणजे एकाच उत्तराची घोकंपट्टी नव्हे. तीच अडचण पुनःपुन्हा नव्याने सोडविणे म्हणजे सराव. पाढे पाठ करणे व गणित सोडविणे यांत जो भेद आहे तोच येथे आहे.

हाच प्रकार पायांतही दिसतो. खुबा किती अंश वाकला ते कागदावर आडव्या रेषेवर व गुडघा किती वाकला ते उभ्या रेषेवर मांडले, तर एका पूर्ण ढांगेचे एक बंद वळण तयार होते. दहा ढांगांची दहा वळणे एकावर एक काढली तर ती एकमेकांजवळून जातात, पण तंतोतंत जुळत नाहीत. आमच्या आजोबांच्या वेळी खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरे. मार्ग एकच, तिवडा एकच. पण दोन फेऱ्यांची पावले एका ठशावर कधी पडत नसत. पडली असती तर एकाच जागचे कणीस मळले जाऊन बाकीचे तसेच राहिले असते. धावणाऱ्याच्या पायांतील ह्या लहान लहान भेदास आपण चलनभेद म्हणू.

लांब उडीच्या बाबतीत तर आमचा प्रश्न परस्पर सुटलेला होता. १९८२ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील ली, लिशमन व थॉमसन ह्या संशोधकांनी कसलेल्या लांब उडी मारणाऱ्यांच्या धावेचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाडू व त्यांचे शिक्षक यांची अशी समजूत होती की, धाव अगदी ठरावीक असते. प्रत्यक्षात निरनिराळ्या धावांतील त्याच क्रमांकाच्या पावलांच्या जागा पाहिल्या, तर आरंभी फरक लहान असे, पुढे तो साठत साठत वाढे, आणि फळी जवळ आली म्हणजे शेवटच्या काही पावलांत तो झपाट्याने कमी होई. आरंभीची पावले सवयीने पडत होती. शेवटची पावले मात्र डोळ्यांच्या सांगण्यावरून लांब वा आखूड होत होती. जो पावले बदलू शकत होता तोच फळीवर नेमका पोहोचत होता.

हे वाचताच आम्ही पुन्हा त्या तुकड्यावर गेलो. दुखऱ्या गुडघ्याच्या मुलास बांधावर बसविले, आणि धावण्याचे काम त्याची धाकटी बहीण व तिच्या तिघी मैत्रिणी यांजकडे सोपविले. जमिनीवर पाणी शिंपून माती मऊ केली. प्रत्येकीने चार वेळा धावावयाचे. पहिल्या धावेच्या प्रत्येक ठशाशी तुराटीची काडी रोवावयाची, दुसरीच्या ठशाशी चिंचोका, तिसरीच्या ठशाशी खडा व चवथीच्या ठशाशी पऱ्हाटीची काडी ठेवावयाची. ही मांडामांड तो मुलगाच करीत होता. एकदा सर्वजणी खाली पाहून पावले मोजीत धावल्या. दुसऱ्यांदा मोजणे सोडून रेषेवर दृष्टी ठेवून धावल्या.

पहिल्या प्रकारात चौथ्या-पाचव्या ठशापाशी चारही खुणा चार बोटांच्या अंतरात होत्या. पुढे त्या पसरत गेल्या आणि रेषेपाशी वीतभराहून अधिक फाकल्या. दुसऱ्या प्रकारात मधली पावले तशीच पसरली होती. पण शेवटच्या तीन-चार ठशांत खुणा पुन्हा जवळ आल्या. मुलगा काही वेळ त्या काड्यांकडे पाहत राहिला व म्हणाला, "म्हणजे पाऊल बदलायचं होतं, अन् मी बदलू देत नव्हतो." आम्ही मनात म्हटले, बाळा, तू नव्हे, आम्ही बदलू देत नव्हतो.

तुम्हीही हा प्रयोग जरूर करा. त्यास यंत्र लागत नाही व पैसा लागत नाही. फक्त धावणाऱ्याने पायांस सोसेल इतक्याच वेळा धावावे, आणि खुणा मोजताना आपणांस हवे ते उत्तर काढण्याचा मोह टाळावा.

येथवर सपाट जमीन व स्थिर रेषा यांचा विचार झाला. परंतु ज्या शर्यतीत अडथळेच अडथळे आहेत तिच्यात काय होत असेल? याचे उत्तम उदाहरण गोदावरीपलीकडे बीड जिल्ह्यातच आहे. अविनाश साबळे यांचा जन्म १९९४ साली त्या जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा येथे शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर वाट त्यांनी चालत व धावत तुडविली. बारावीनंतर ते सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले, आणि पुढे ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे, म्हणजे स्टीपलचेसकडे, वळले.

ह्या शर्यतीत २८ अडथळे साधे व ७ अडथळे पाण्याचे, असे एकूण ३५ ओलांडावे लागतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर व स्त्रियांसाठी ७६.२ सेंटिमीटर असते. अडथळा जड व पक्का असतो. पाय लागला तर तो पडत नाही, धावणाराच पडतो. पाण्याच्या अडथळ्यापुढील खड्डा ३.६६ मीटर लांबीचा असतो. त्या अडथळ्यावर पाय देऊन पुढे झेप घ्यावयाची आणि एका पायावर ओल्या उतारावर उतरावयाचे, असे सात वेळा, आणि दरवेळी अधिकाधिक थकलेल्या पायांनी.

११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीशी याची तुलना करून पाहा. तेथे प्रत्येकाची पट्टी निराळी, दोन अडथळ्यांतील अंतर सदैव ९.१४ मीटर, आणि मधली पावले तीनच. स्टीपलचेसमध्ये सर्वजण एकाच घोळक्यात धावतात. पुढच्याची पाठ अडथळा झाकते, वेग वरखाली होतो, कोणी मध्येच आडवा येतो. येथे पावले मोजून ठेवणारा पहिल्याच फेरीत फसेल. अडथळ्याच्या आधीच्या काही पावलांत ढांग लांबविणे वा आखडणे, आणि वेळ पडल्यास उजव्या वा डाव्या कोणत्याही पायाने उडी घेणे, हे ज्यास साधते तोच टिकतो.

२०१८ साली साबळे यांनी भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंदांत ही शर्यत पुरी करून गोपाल सैनी यांचा १९८१ सालापासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत इतर धावकांच्या पडापडीमुळे त्यांस अडथळा झाला. तरी पाय सावरून त्यांनी नवा राष्ट्रीय विक्रम नोंदविला, आणि दाद मागितल्यावर त्यांस अंतिम फेरीत स्थान मिळाले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ देऊन त्यांनी रौप्यपदक मिळविले; सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. २०२३ साली हांगझाऊ येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस येथे त्यांनी ८ मिनिटे ९.९१ सेकंद अशी वेळ नोंदविली, आणि त्याच वर्षीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून ते अकरावे आले.

ह्या आकड्यांवर थोडे गणित करा. ३००० मीटर अंतर सुमारे ४९० सेकंदांत, म्हणजे सेकंदास सहा मीटरांहून थोडे अधिक. सेकंदास तीन पावले धरली तर प्रत्येक पाऊल सुमारे दोन मीटरांचे, आणि सबंध शर्यतीत पावले सुमारे दीड हजार. ह्या दीड हजारांतील कोणतीही दोन पावले अगदी एकसारखी नसणार; पण त्यांतून निघणारा वेग मात्र जवळजवळ एकसारखा. हातोड्याची व छिन्नीची गोष्ट येथे पुन्हा आठवावी.

मुलींनी ललिता बाबर यांचेही नाव स्मरणात ठेवावे. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील, म्हणजे दुष्काळी मुलखातील, मोही ह्या गावच्या ह्या कन्येने २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये ह्याच शर्यतीच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम केला, आणि अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळविला. स्त्रियांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये २००८ सालापासूनच सुरू झाली आहे.

आता कोणी चतुर विद्यार्थी विचारील : पावलांत फरक असणे चांगलेच, तर नवशिक्याची वेडीवाकडी धाव उत्तम म्हणावयाची काय? मुळीच नाही. फरकाफरकांत भेद आहे. नवशिक्याच्या सांध्यांतील फरकाने शेवटचा परिणामही बिघडतो. कसबी खेळाडूच्या सांध्यांतील फरकाने परिणाम सावरतो. २००८ साली तिहेरी उडीच्या मोजक्या निष्णात खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, त्यांतल्या त्यांत कमी कौशल्याच्या खेळाडूंत सांध्यांच्या समन्वयातील फरक अधिक होता, मधल्यांत तो कमी होता, आणि सर्वांत कुशल असलेल्यांत तो पुन्हा वाढला होता. शिकणारा प्रथम चाचपडतो, मग एक रीत घट्ट धरून ठेवतो, आणि शेवटी त्या रीतीवर स्वार होऊन तिला हवी तशी वाकवितो. गाणाऱ्याचेही असेच असते. प्रथम सूर सापडत नाही. पुढे तो पाठ केल्याप्रमाणे म्हणतो. आणि तयारी झाली की तोच राग दरवेळी नव्या वाटेने जाऊन समेवर अचूक येतो.

मधल्या पायरीवर कायमचे अडकून बसणे मात्र धोक्याचे असावे. १९९९ साली अमेरिकेतील हॅमिल व त्यांचे सहकारी यांनी धावणाऱ्यांच्या पायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखत होते त्यांच्या मांडी, नडगी व पाऊल यांच्या समन्वयात निरोगी धावणाऱ्यांपेक्षा कमी फरक आढळला. याचा एक अर्थ असा लावतात की, हालचाल अगदी ठरीव झाली म्हणजे भार पुनःपुन्हा कूर्चेच्या त्याच भागावर पडतो. बैलगाडीचे चाक एकाच चाकोरीतून गेले म्हणजे ती चाकोरी खोल होत जाते, तसे. परंतु विचारी वाचकाने येथे थांबून पाहावे. दुखते म्हणूनही मनुष्य जपून, एकाच रीतीने पाय टाकू लागतो. तेव्हा कमी फरक हे दुखण्याचे कारण की दुखण्याचे फळ, हे एवढ्यावरून ठरत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही, हा शास्त्राचा पहिला नियम खेळाच्या मैदानावरही लागू आहे.

तसेच, कौशल्य असले म्हणजे इजा होतच नाही असेही समजू नये. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी साबळे यांच्या गुडघ्यास गंभीर दुखापत झाली. आतील अस्थिबंध फाटल्यामुळे शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेस त्यांस मुकावे लागले. हजारो वेळा साधलेले पाऊल एकदा चुकू शकते. म्हणूनच शरीरास गृहीत धरू नये.

आता पालकांशी दोन शब्द बोलतो. मुलाने एका खेळात चमक दाखविली की वर्षाचे बाराही महिने त्यास त्याच खेळास जुंपावे, असा आग्रह अलीकडे दिसतो. वाढत्या वयात तो हितकारक नाही. दहा ते पंधरा वर्षांच्या सुमारास हाडे भराभर लांब होतात. काल ओळखीचा असलेला पाय आज नव्या मापाचा झालेला असतो, आणि मूल काही काळ अवघडल्यासारखे धावते. त्यास ह्या काळात हसू नये व दामटूही नये. खो-खोमध्ये खांबाभोवती वळणे, कबड्डीत हुलकावणी देऊन मागे सरणे, लंगडी, पोहणे, झाडावर चढणे, बांधावरून चालणे, ह्या सर्वांनी खुबा, गुडघा व घोटा यांस निरनिराळी गणिते घातली जातात. जुन्या मुलांस ही विविधता गावगाड्यातच आपोआप मिळत असे. आता ती मुद्दाम जपली पाहिजे.

मुलींच्या बाबतीत विशेष लक्ष द्यावे. उडी मारून उतरणे व धावता धावता एकदम वळणे ज्यांत आहे अशा खेळांत मुलींच्या गुडघ्यातील अस्थिबंध मुलांपेक्षा अधिक प्रमाणात फाटतात. म्हणून खेळ बंद करावा असे मात्र नव्हे. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या १८९२ फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. खेळापूर्वी सुमारे वीस मिनिटे सावकाश धावणे, तोल सांभाळणे, मांडीचे व कमरेचे स्नायू बळकट करणे, गुडघा आत न कलू देता उडीवरून मऊ उतरणे, असा व्यायाम काही संघांस नेमून दिला. त्या संघांत एकंदर दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्या. हा व्यायाम आमच्याकडील कोणत्याही मैदानावर करता येईल. त्यास चेंडूचीही गरज नाही.

शेवटी काही गोष्टी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवाव्या. सराव करा, पण जमीन, अंतर, वेग व पाय बदलून करा. कधी डाव्या पायाने उडी घ्या, कधी उजव्या. आज कमी अंतरावरून धावा, उद्या अधिक. थकलेल्या पायांनी अवघड उड्या मारू नका. दोन दिवसांत न थांबणारे दुखणे, सुजलेला सांधा, किंवा चालताना दगा देणारा गुडघा लपवून ठेवू नका. घरी सांगा व डॉक्टरांस दाखवा. दुखणे सोसणे हा पराक्रम नव्हे. आणि शिक्षकाने सांगितले ते जमत नसेल, तर आपल्या पायांस काय दिसते व काय जाणवते, तेही त्यास सांगा. अंतरवालीच्या मुलाने पहिल्याच दिवशी प्रश्न विचारला होता. आम्ही तो ऐकून घेतला असता तर त्याचे दुखणे टळले असते.

तो मुलगा दोन महिने उडीपासून दूर राहिला. ह्या काळात त्याने बहिणीस व तिच्या मैत्रिणींस रेषेवर दृष्टी ठेवून धावण्यास शिकविले, आणि स्वतः हळूहळू चालण्यापासून आरंभ केला. दिवाळीत आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तो धावत होता. पहिली उडी रेषेच्या बरीच मागून गेली. दुसरीही मागूनच गेली. तिसऱ्या वेळी शेवटच्या तीन पावलांत त्याची ढांग किंचित आखडली, दृष्टी ढळली नाही, आणि पाय रेषेच्या दोन बोटे अलीकडे पडला. आम्ही पावले मोजण्यास गेलो नाही. तो हसत मातीतून उठला आणि दोन्ही गुडघे झटकून पुन्हा धावेच्या टोकाकडे निघाला.